रक्तदाब आहे, त्रास काही नाही. मग डॉक्टर लघवीतील प्रथिने का तपासायला सांगतात?

कारण मूत्रपिंडाला इजा होऊ लागली तरी सुरुवातीला दुखत-खुपत काहीच नाही, आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) बहुधा बरेच नुकसान झाल्यावरच वाढते. मूत्रपिंडातील केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यांवर सतत जास्त दाब राहिला की ती गाळणी सैल होते आणि एरवी रक्तातच राहणारे अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. लघवीला टिकून राहणारा फेस दिसतो तो पुष्कळ प्रथिने जाऊ लागल्यावर. त्याची वाट पाहू नये.

साध्या पट्टीच्या तपासणीत थोडे अल्ब्युमिन निसटू शकते, म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मागावे. ते प्रतिग्रॅम ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असणे योग्य, ३०० च्या वर गंभीर. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा जोराचा व्यायाम यांमुळेही आकडा तात्पुरता वाढतो. त्यामुळे एका अहवालावरून घाबरू नये, तपासणी पुन्हा करावी.

प्रमाण खरोखरच वाढलेले असेल, तर रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी औषधे दाबाबरोबर ही गळतीही कमी करतात. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, पोटॅशियम व क्रिएटिनिनवर लक्ष ठेवून घ्यावीत, आणि गरोदरपणात मुळीच घेऊ नयेत. लोणचे-पापड कमी करावे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या तर कृपया थांबवाच.