‘हुजूर पक्ष’ म्हणजे ब्रिटनचे रिपब्लिकन का?

ब्रिटिश राजकारणावरील लेखांची भाषांतरे करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला आजही ‘हुजूर पक्ष’ म्हणावे का, आणि वाचकाच्या सोयीसाठी ‘म्हणजे अमेरिकेतील रिपब्लिकनांसारखा’ असा खुलासा त्याला जोडावा का. शिवाय या दोन्ही पक्षांना ‘पुराणमतवादी’ हे एकच विशेषण चालेल का. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण राखून. उरलेल्या दोन्हींना नकारार्थी.

‘हुजूर’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ उपस्थिती असा आहे. त्यावरून तो धन्याच्या समक्षतेला आणि पुढे खुद्द धन्याला किंवा सरकारला लावला जाऊ लागला. पेशवाईतले हुजूर दफ्तर आणि पुण्याच्या हुजूरपागा शाळेच्या नावात उरलेली पागा ही त्याचीच उदाहरणे. लेबर पक्षाचा ‘मजूर पक्ष’ झाल्यावर त्याच्या प्रतिस्पर्ध्याला ‘हुजूर पक्ष’ म्हणण्यात यमकाचा मोह उघड दिसतो. पण त्यात टोमणाही आहे आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. 1935च्या भारत सरकार कायद्याला कडाडून विरोध करणारे चर्चिल याच पक्षाचे, आणि स्वातंत्र्याचा कायदा झाला तो मजूर पक्षाच्या ॲटलींच्या कारकिर्दीत, हे आपल्या वाचकाच्या मनात पक्के बसलेले होते. (1895 साली याच हुजूरांच्या तिकिटावर मुंबईचे मंचरजी भावनगरी लंडनमधून पार्लमेंटात निवडून गेले होते, याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.) ग्रँथमच्या किराणा दुकानदाराची मुलगी असलेल्या थॅचरबाईंना ‘हुजूर’ म्हणताना जीभ अडखळते हे खरे, पण रूढ झालेले विशेषनाम म्हणून शब्द चालू द्यावा, त्यातून पक्षाचा स्वभाव मात्र काढू नये.

खुलाशाची अडचण याहून मोठी आहे. ब्रिटनमध्ये ‘रिपब्लिकन’ या शब्दाचा साधा अर्थ राजेशाही मोडून प्रजासत्ताक आणावे असे मानणारा माणूस, म्हणजे हुजूर पक्षाच्या निष्ठेच्या बरोबर उलट टोकाचा. तिकडे अमेरिकेत ‘टोरी’ (हुजूर पक्षाचे बोलीतले नाव) ही स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात इंग्लंडच्या राजाची बाजू धरणाऱ्यांना दिलेली शिवी होती. हे राजनिष्ठ हजारोंनी देश सोडून गेले, त्यांतले बरेच कॅनडात स्थिरावले. म्हणजे दोघांनीही एकमेकांचे नाव घरात घ्यायचे टाळावे अशी स्थिती.

हा केवळ नावांचा योगायोग नाही. हुजूर पक्षाने जपायचे ठरवले ते राजपद, चर्च, पार्लमेंट आणि पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या प्रथा. अमेरिकेतील उजव्यांना जपायची आहे ती एक क्रांती: 1776चा जाहीरनामा, 1787ची राज्यघटना आणि त्यांतून आलेला सरकारविषयीचा संशय. आरोग्यसेवेचा मुद्दा घेतला की हा फरक डोळ्यांत भरतो. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या विधेयकाविरुद्ध हुजूर पक्षाने 1946 साली मतदान केले. परंतु 1948 मध्ये ती सुरू झाली आणि 1951 साली चर्चिल पुन्हा सत्तेवर आले, तेव्हा त्यांनी ती मोडली नाही. त्यानंतरचे हुजूर पंतप्रधानही ती आमच्या हाती सुरक्षित आहे असेच सांगत आले. जे एकदा रुजले ते जपायचे, हा त्यांचा मूळ स्वभावच तिथे दिसतो. उलट 2010 साली ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा अंतिम मतदानाला आला, तेव्हा सरकारी रुग्णालयांचा त्यात प्रश्नही नव्हता, तरी एकाही रिपब्लिकनाने त्याला मत दिले नाही. स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या शाळेतील 1996च्या गोळीबारानंतर बहुतेक पिस्तुलांवर बंदी आणणारा कायदा पंतप्रधान जॉन मेजर यांच्या हुजूर सरकारने केला, ही गोष्ट तर रिपब्लिकन मतदाराला सांगूनही पटणार नाही. कर कमी असावेत, बाजाराला मोकळीक असावी, यावर थॅचर आणि रेगन यांचे सूर जुळले, तेवढ्यावरून दोन्ही पक्ष एका साच्यातले ठरत नाहीत. आज ट्रम्प यांच्याशी तुलना करायचीच असेल, तर फाराज यांचा रिफॉर्म यूके पक्ष अधिक जवळचा आहे, आणि तो हुजूर पक्षाचीच मते खातो.

‘पुराणमतवादी’ हा शब्द आपल्याकडे सुधारक आणि सनातनी यांच्या वादात घडला; त्याला सामाजिक रूढींचा वास आहे. सरकारी टेलिफोन आणि गॅस कंपन्या विकून देशाची घडी बदलणाऱ्या थॅचरबाईंना तो बसत नाही, आणि 2013 साली समलिंगी विवाहाचा कायदा आणणाऱ्या कॅमेरन यांना तर मुळीच नाही, मग त्यांच्याच अर्ध्याहून अधिक खासदारांनी त्याला साथ दिली नसली तरी. अमेरिकेतही 1964च्या नागरी हक्क कायद्याला सर्वांत चिवट विरोध केला तो दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांनी. त्या काळच्या मजकुरात ‘पुराणमतवादी’ म्हणजे रिपब्लिकन असे धरून चालल्यास अर्थाचा अनर्थ होईल. विचारप्रवाहासाठी ‘परंपरावादी’ हा शब्द मला त्यातल्या त्यात निरुपद्रवी वाटतो.

‘रिपब्लिकन’चा मात्र अनुवाद करू नये, आणि ‘अमेरिकेतील’ हे विशेषण गाळू नये. महाराष्ट्रात 1957पासून रिपब्लिकन पक्ष म्हटले की आंबेडकरी चळवळीतला पक्षच डोळ्यांसमोर येतो.

तेव्हा भाषांतरात पहिल्या उल्लेखाला ‘ब्रिटनचा कॉन्झर्व्हेटिव्ह, अर्थात हुजूर पक्ष’ असे लिहावे, पुढे नुसते ‘हुजूर पक्ष’. मूळ मजकुरात ‘टोरी’ असेल तिथे तो सलगीचा किंवा हेटाळणीचा सूर राखण्यासाठी ‘टोरी’च ठेवावे. लेखाबरोबर निवडणुकीचा नकाशा छापणार असाल, तर रंगांची सूची जरूर द्या: हुजूर पक्षाचा रंग निळा आणि मजूर पक्षाचा लाल, तर अमेरिकेत 2000च्या निवडणुकीपासून रिपब्लिकनांचा लाल आणि डेमोक्रॅटांचा निळा असा संकेत पडला आहे.