सॉफ्टबॉलमध्ये प्लेट अंपायरने (बॅटरपाशी जमिनीवर असलेल्या पाटीमागे, म्हणजे प्लेटमागे, उभं राहून पिच स्ट्राइक की बॉल ते ठरवणाऱ्या पंचाने) कॅचरच्या अगदी मागे उभं राहावं की बाजूला?

बाजूला. कॅचर आणि बॅटरच्या मधल्या फटीत, स्लॉटमध्ये. बॅटर उजव्या हाताची असेल तर कॅचरच्या डाव्या खांद्यावरून बघायचं, डावखुरी आली की पलीकडच्या खांद्यावरून.

'अगदी मागे राहिलं की प्लेटचे दोन्ही कॉर्नर सारखे दिसतात' हे मी नागपूरच्या मैदानांवर इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. रविनगरला मुलींची मॅच होती, एप्रिलचं ऊन. पिचरचा ड्रॉप, म्हणजे प्लेटजवळ येताना खाली पडणारा बॉल, बाहेरच्या कॉर्नरवरून गुडघ्याच्या उंचीने गेला आणि कॅचरने तो जवळजवळ मातीतून उचलला. मी स्ट्राइक दिला, म्हणजे बॉल मारण्याजोगा होता असा निर्णय. कोच ओरडत आत आले. ते ठीक, कोच ओरडणारच. पण बेसवर अंपायर म्हणून उभे असलेले आमचे सीनियर सर इनिंग संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "काहून बाजूला उभी राहतेस? म्हणूनच चुकते."

मॅच संपल्यावर मी कॅचरला परत बसवलं. एका मुलीला प्लेटच्या पुढच्या कडेला, बाहेरच्या कॉर्नरवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर बॉल धरून उभं केलं. म्हटलं, "सर, तुमच्या जागी या." ते कॅचरच्या मागे वाकले. बॉल हेल्मेटआड गेला. मग त्यांना स्लॉटमध्ये बोलावलं. तिथून 17 इंचांची अख्खी प्लेट दिसत होती, बॉलसकट. "आमच्या वेळी असंच चालायचं," एवढं बोलून ते चहाला निघून गेले.

स्ट्राइक ठरतो तो बॉल प्लेटवरून जाताना, ग्लोव्हमध्ये पडताना नाही. मोठ्या मुलींच्या आणि महिलांच्या फास्टपिचला, म्हणजे वेगाने बॉल टाकायच्या प्रकारात, पिचर ते प्लेट अंतर 43 फूट. हेल्मेटमागून बघणाऱ्याला फक्त बॉल कुठे पकडला तेवढंच दिसतं, आणि मग चांगली कॅचर ग्लोव्ह आत ओढून त्याला हवं तसं फसवते. माझं मत विचाराल तर बरेच जण मागे राहतात ते बॅटला चाटून मागे येणाऱ्या फाउल बॉलच्या भीतीने. भीती खरी आहे, मलाही लागलेत. पण पिचरकडे छाती सरळ ठेवली तर मार चेस्ट प्रोटेक्टरवर बसतो. खांदा फिरवला की उघड्या जागी लागतो.

डोळे स्ट्राइक झोनच्या (प्लेटवरच्या ज्या जागेतून गेलेला बॉल स्ट्राइक ठरतो तिच्या) वरच्या टोकाशी, म्हणजे साधारण बॅटरच्या काखेच्या उंचीवर. त्याहून खाली वाकलं की खालचे पिच हातचे गेले. बॉल डोळ्यांनीच ग्लोव्हपर्यंत न्यायचा, डोकं हलवायचं नाही.

हे सगळं फास्टपिचचं सांगतेय. स्लोपिचमध्ये बॉल कमान घेऊन येतो, तिथलं गणित निराळं. आणि तुमची संघटना पायांची जी ठेवण शिकवते, ती पाळा.

कॅचर आत सरकली आणि फट बंद झाली तर बाहेरच्या खांद्यावर पळू नका. सर तेच करायचे, आणि मग आतला पिच बॅटरला लागला की बॅटला लागला हे त्यांना सांगताच यायचं नाही. जागेवरच थोडं उंच व्हा आणि तिच्या डोक्यावरून बघा.