गाठ दुखत नाही, मग थांबू का?

प्रश्न : डॉक्टरताई, मी देवगडजवळच्या गावातली, वय ४६. नणंद अमेरिकेत असते, ती म्हणते तिकडे चाळिशी झाली की दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करतात, तू अजून कशी नाही केलीस. आमच्या आशाताई म्हणतात उपकेंद्रात या, मॅडम हाताने तपासतील, पाच वर्षांतून एकदा पुरे. खरं कुणाचं? आणि डाव्या काखेजवळ सुपारीएवढं काहीतरी हाताला लागतं, दोनेक महिने झाले, पण दुखत नाही. आंब्याचा सीझन आटपला की दाखवू का?

उत्तर : ताई, आधी शेवटचं. सीझन राहू दे, याच आठवड्यात दाखवा. नणंदेचं काय नि आशाताईंचं काय, ते नियम काही त्रास नसलेल्या बाईसाठी आहेत, गाठ हाताला लागली की दोन वर्षं की पाच हा हिशोबच राहत नाही. दुखत नाही म्हणून बायका अंगावर काढतात ना, त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. बऱ्याच गाठी साध्या निघतात हेही खरं, पण ते मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुईच्या तपासणीने कळतं, घरी चाचपून नाही. सुई टोचली की आजार पसरतो असं कोणी म्हणेल, ते मनावर घेऊ नका.

बाकी दोघीही बरोबर आहेत. अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञ गटाने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सांगितली, आधी सरसकट ५० पासून सांगायचे. आपल्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमात तिशीनंतर पाच वर्षांतून एकदा हाताने तपासणी आहे, गावोगावी मशीन कुठून आणणार. पण हाताच्या तपासणीला कमी लेखू नका हं, टाटा हॉस्पिटलने मुंबईत दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासायच्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणून मला विचाराल तर पाच वर्षं फार झाली, पुढे दोन वर्षांनी तरी तपासून घ्याच.

मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर, डिओ लावू नका, फिल्मवर त्याचे ठिपके दिसतात. आणि आईला, बहिणीला, मावशीला हा आजार होता का ते तुम्ही लिहिलं नाहीये, असेल तर डॉक्टरांना पहिलं तेच सांगा.