वन-बीएचकेमध्ये मीडिया सर्व्हर बसवायचा तर मशीन कुठलं घ्यावं आणि सॉफ्टवेअर कुठलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंधेरीत वन-बीएचके, घरात आई-बाबा. नाटकांच्या जुन्या व्हीसीडी, थोड्या डीव्हीडी, हँडीकॅमच्या टेप आणि मोबाईलचे फोटो धरून दोनेक टीबीचा ऐवज. बजेट तीस हजारांच्या आत. तयार नॅस (नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) घ्यावा, पडून असलेला डेस्कटॉप चालवावा की रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर आणावा? आणि घरातले व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर प्लेक्स की जेलीफिन?

मी आयटीतला नाही. बँकेत नोकरी, विक्रोळीला कन्नमवार नगरात घर, आणि गेली काही वर्षं हा उद्योग घरात चालू आहे. सांगतोय ते बहुतेक हात पोळल्यावर कळलेलं आहे.

सर्व्हरचा विचार जरा बाजूला ठेवा आणि आधी टीव्हीपाशी जा. पेनड्राइव्हवर तुमच्याकडच्या प्रत्येक तऱ्हेची एकेक फाइल घाला: व्हीसीडीवरची, डीव्हीडीवरची, टेपवरून उतरवलेली, मोबाईलवर शूट केलेली. टीव्हीला लावून बघा. जी फाइल टीव्ही निमूट चालवतो तिच्यासाठी सर्व्हरला काही कष्ट नाहीत, फाइल उचलून द्यायची एवढंच. ते काम दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही करतो. जी चालत नाही ती सर्व्हरला चालू असतानाच दुसऱ्या रूपात बदलून पाठवावी लागते. ह्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि मशीनचा घाम निघतो तो इथेच. पेनड्राइव्हवर चाललेलं अ‍ॅपमध्ये तंतोतंत तसंच चालेल असं नाही, पण अंदाज पक्का येतो.

मला वाटायचं फोरके व्हिडिओ अवघड जाणार. प्रत्यक्षात अडली ती व्हीसीडी! चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, म्हणजे आजच्या मोबाईलवरच्या थंबनेलएवढं, पण आतली फाइल डॅट नावाची आणि एमपेग-१ ह्या जुन्या व्हिडिओ प्रकारातली. आमच्या टीव्हीने तिला ओळखच दाखवली नाही. डीव्हीडीचं दुखणं निराळं. तिथलं चित्र बऱ्याचदा इंटरलेस्ड असतं, म्हणजे एक आड एक रेषांनी भरलेलं. नटाने हात हलवला की कडेला कंगव्याचे दात दिसतात.

ह्यावर ताकदवान सर्व्हर हा उपाय नाही. फाइल एकदाच बदलून ठेवा. डीव्हीडीसाठी हँडब्रेक आणि डॅट फाइलसाठी एफएफएमपेग, दोन्ही फुकट आहेत. सगळं एच.२६४ ह्या सर्वत्र चालणाऱ्या व्हिडिओ प्रकारात आणून ठेवलंत की कुठलाही टीव्ही, कुठलाही फोन कुरकुर करत नाही. डेस्कटॉप रात्रभर लावून ठेवा, सकाळी दोन-तीन नाटकं तयार असतात. मूळ फाइल मात्र फेकू नका. बदलताना डावीकडची पट्टी जास्त कापली गेली, आवाज पुढे-मागे झाला, हे सहा महिन्यांनी लक्षात येतं.

हँडीकॅमच्या टेप मिनीडीव्ही असतील तर सर्व्हरच्या आधी त्यांचं बघा. मुंबईच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते आणि तिला पुढच्या दिवाळीचा बोनस होईपर्यंत थांबायचं नसतं. एक तासाची टेप उतरवली की साधारण १३ जीबी होते. त्यासाठी चालू कॅमेरा आणि फायरवायरचं पोर्ट लागतं, आणि नव्या कॉम्प्युटरवर ते सहसा नसतं. तुमच्या जुन्या डेस्कटॉपला असेल तर त्याचा खरा उपयोग हा.

चोवीस तास चालवायला मात्र तो डेस्कटॉप नको. नुसता बसून ६० वॉट खात असेल तर महिन्याला ४३ युनिट होतात. छोटा मिनी पीसी १० वॉटच्या आसपास राहतो, म्हणजे सव्वासात युनिट. फरक नुसत्या ३६ युनिटांचा नाही. तुमचा वापर तीनशे युनिटच्या काठावर असेल तर वरचे युनिट पुढच्या, महागड्या स्लॅबने लागतात. बिल समोर ठेवून हिशोब करा.

रास्पबेरी पाय मलाही आवडतो, पण ह्या कामाला नाही. पाय ५ मध्ये व्हिडिओ बदलणारा हार्डवेअर एन्कोडरच नाही, आणि एच.२६४ वाचण्यासाठीही तो प्रोसेसरवरच अवलंबून आहे. त्यात अ‍ॅडॉप्टर, केस, पंखा, डिस्क जोडायची व्यवस्था हे सगळं धरलं तर वापरलेल्या मिनी पीसीच्या जवळ जाता. तयार नॅस सुटसुटीत खरा. पण तीस हजारांत डब्यावरच बरेच पैसे जातात आणि डिस्कसाठी मन मारावं लागतं. डबा महत्त्वाचा नाही, डिस्क महत्त्वाची.

माझं मत वापरलेल्या ऑफिस मिनी पीसीला. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी, ह्यांतला कुठलाही. पुस्तकाएवढा असतो, टीव्हीमागे मावतो. प्रोसेसर इंटेलचा आणि सातव्या पिढीपासून पुढचा बघा, उदाहरणार्थ आय५-८५००टी. कारण क्विक सिंक. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये व्हिडिओ बदलण्यासाठी वेगळा भाग असतो आणि सातव्या पिढीपासून त्याला १०-बिट एच.२६५ (एच.२६४ नंतरचा व्हिडिओ प्रकार) जमतं. सहाव्या पिढीला ८-बिटच जमतं, म्हणून दुकानदार 'तेच आहे साहेब' म्हणाला तरी मॉडेल नंबर स्वतः वाचा. नाव एफने संपणारे प्रोसेसर टाळा, त्यांत ग्राफिक्सच नसतं. नवीनच हवं असेल तर एन१०० चा मिनी पीसी घ्या. ६ वॉटचा प्रोसेसर आणि एव्ही१ हा आणखी नवा व्हिडिओ प्रकारसुद्धा वाचतो. मेमरी ८ जीबी पुष्कळ झाली.

खरेदीला ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर अर्धा दिवस घालवा. मशीन तिथेच चालू करून घ्या, अ‍ॅडॉप्टर त्याच कंपनीचा आहे ना बघा. डिस्क घेताना सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतात वॉरंटी आहे का हे दुकानातच उभं राहून तपासा. मी एकदा संकोच केला. घरी येऊन बघितलं तर डिस्क परदेशी मशीनमधून काढलेली, वॉरंटी शून्य. दुकानदाराने फोनवर 'चालतंय ना?' एवढंच विचारलं. चालत होती, काय बोलणार!

डिस्क चार टीबीच्या दोन घ्या. सर्व्हरला लागणारी सीएमआर (जिच्यात रेघा एकमेकींवर चढत नाहीत अशी) असली तर उत्तम. एसएमआर डिस्कमध्ये रेघा कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. वाचायला ठीक, पण खूप लिहायला लागलं की ती रडतखडत चालते. ह्या मिनी पीसींमध्ये साडेतीन इंची डिस्क मावत नाही, तेव्हा स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा यूएसबी डबा घ्या. आणि दोन डिस्क आहेत म्हणून रेड (दोन्हींवर आपोआप तेच लिहायची रचना) करायचा मोह टाळा. रेड डिस्क मेली तर वाचवतं. भाच्याने फोल्डर उडवलं तर ते दोन्हीकडून इमानदारीत उडवतं. दुसऱ्या डिस्कवर महिन्यातून एकदा कॉपी करा आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. माझी डोंबिवलीला बहिणीकडे कपाटात, साड्यांच्या खाली असते.

सर्व्हर ठेवायचा कुठे, ह्याला आमच्या घरांत पर्याय कमीच. मी आधी पोटमाळ्यावर ठेवला होता. मे महिन्यात डिस्क ५५ अंशांवर गेली आणि पावसाळ्यात डब्याचे स्क्रू गंजले. आता टीव्हीच्या कपाटात आहे, मागची फळी कापलेली. मुंबईत लोडशेडिंग नाही म्हणून यूपीएसचा खर्च वाचवू नका. आमच्याकडे गणपतीत मखराच्या तोरणाला सॉकेट कमी पडलं म्हणून काकांनी सर्व्हरचा प्लग काढला. नेमकी त्याच वेळी टेपची फाइल उतरत होती. फाइल अर्धी गेली आणि नंतर मशीन तासभर डिस्क तपासत बसलं. तेव्हापासून छोटा यूपीएस आहे आणि त्याच्या प्लगवर आईच्या अक्षरात चिठ्ठी: 'काढू नये.'

वायफायवर विसंबू नका. आमच्या हॉलमध्ये शेजाऱ्यांची पंचवीस-तीस नेटवर्क दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि सगळी बिल्डिंग त्यांवर बसलेली. सर्व्हर आणि राउटर वायरने जोडा, जमलं तर टीव्हीसुद्धा. कॅट६ वायर पट्टीतून भिंतीच्या कडेने नेली की दिसतही नाही.

सॉफ्टवेअरबद्दल माझं उत्तर जेलीफिन. एम्बी ह्या तशाच सॉफ्टवेअरने आपला कोड बंद केल्यावर २०१८ च्या डिसेंबरमध्ये त्यातून फुटून हे निघालं. पूर्ण मोफत, खातं उघडायला नको, आणि क्विक सिंकसाठी पैसे नाहीत. प्लेक्स दिसायला देखणा आहे, टीव्हीवरची त्याची अ‍ॅप जास्त सफाईदार आहेत हे मान्य. पण हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला प्लेक्स पास (पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व) लागतो आणि २०२५ च्या एप्रिलपासून घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायलाही पैसे मोजावे लागतात. आपल्याच बाबांच्या एकसष्टीची टेप बघायला कुणाला भाडं द्यायचं, हे माझ्या पचनी पडत नाही.

खाली डेबियन ही लिनक्स टाका. आज्ञा टाइप करायचा कंटाळा असेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट, तेही डेबियनवरच बसतं. डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या बंद कप्प्यात, जेलीफिन चालवणार असाल तर ग्राफिक्सचं उपकरण कंटेनरच्या आत द्यायला विसरू नका. मी विसरलो होतो आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर का जातोय म्हणून दोन रविवार डोकं धरून बसलो.

मराठी माणसाला दोन गोष्टी हमखास नडतात. एक, नाटकांची माहिती. जेलीफिन नावावरून पोस्टर आणि माहिती बाहेरून आणतं आणि आपल्या नाटकाला कुठल्यातरी भलत्याच सिनेमाचं पोस्टर चिकटवतं. नाटकांची वेगळी लायब्ररी करा, तिचा प्रकार घरगुती व्हिडिओ ठेवा आणि पोस्टरच्या जागी व्हीसीडीच्या कव्हरचा फोटो टाका. आईला ते कव्हर ओळखू येतं, ती त्यावर बोट ठेवते. दोन, सबटायटल. चित्रातच छापायची वेळ आली की देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात, कारण सर्व्हरवर देवनागरी फाँट नसतो. नोटो सान्स देवनागरी हा फाँट सर्व्हरवर टाका.

फोटो जेलीफिनमध्ये कोंबू नका. त्यासाठी इमिच हे फोटोंचं सॉफ्टवेअर वेगळं टाका. ते चेहरे ओळखून माणसांप्रमाणे फोटो लावतं. आमच्याकडे त्याने माझे आणि धाकट्या भावाचे लहानपणचे फोटो एकाच नावाखाली घातले. आईनेही काही ठिकाणी तीच चूक केली, तेव्हा तक्रार नाही.

बाहेरून बघायचं असेल तर राउटरवर पोर्ट उघडण्याच्या फंदात पडू नका. बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, त्यामुळे तसंही ते चालत नाही. टेलस्केल टाका, ते तुमचा फोन आणि घरचा सर्व्हर खाजगी वाटेने जोडतं. घरगुती वापराला फुकट आहे आणि लोकलमध्ये बसूनही घरची लायब्ररी उघडते, अर्थात रेंज असेल तिथे.

टीव्ही कुठला हे तुम्ही लिहिलेलं नाही. अँड्रॉइड टीव्ही असेल तर जेलीफिनचं अ‍ॅप थेट मिळेल आणि काम सोपं आहे. दुसरा असेल तर मॉडेल नंबर कळवा. आणि त्या पेनड्राइव्हच्या परीक्षेत कुठली फाइल नापास झाली तेही सांगा, मग आठव्या पिढीचं मशीन घ्यायचं की त्याहून स्वस्तात भागेल ते बघू.