रिमवरचा ग्लू: काढायचा कुठला, ठेवायचा कुठला?

प्रश्न: मी जुनी रेसिंग सायकल घेतली आहे. तिचे टायर ट्यूब्युलर आहेत, म्हणजे ट्यूब आत घालून शिवलेले आणि रिमवर ग्लूने चिकटवलेले. मागचा टायर मीच बसवला. तेव्हा बाहेर आलेला ग्लू रिमच्या कडेवर वाळला आणि आता ब्रेक दाबला की चाक हिसके देतं. पुढचा टायर उतरवला, तर आत जुन्या ग्लूचे थरच थर. मागची रिम अॅल्युमिनियमची आहे, पुढची कार्बनची. सगळं रॉकेलने धुऊन काढू का?

उत्तर: रॉकेल नको. ते मागे तेलकटपणा ठेवतं, आणि ब्रेकच्या पट्टीवर तेल म्हणजे ग्लूपेक्षाही वाईट. आणि ‘सगळं’ तर मुळीच काढू नका. रिमवर दोन जागा आहेत आणि त्यांचे नियम उलटे आहेत. ब्रेकचे रबर जिथे घासतात ती पट्टी कोरडी, लख्ख हवी. टायर जिथे बसतो त्या खोबणीत मात्र जुन्या ग्लूचा पातळ, एकसारखा, घट्ट धरलेला थर असणं चांगलंच. नवा ग्लू त्याला छान धरतो. लोक हौसेने खोबण धातूपर्यंत घासतात आणि मग ग्लूचे सगळे हात पहिल्यापासून द्यावे लागतात. पुढच्या चाकात फक्त गाठी, उचकटलेले पापुद्रे आणि भुगा होणारा भाग काढा.

आता मागच्या चाकाचे हिसके. हा ग्लू रबराचा असतो, म्हणून आधी कोरडाच काढून पाहा. अंगठ्याने दाबून पुढे रेटा. बराचसा गोळ्या होऊन निघून येतो. उरलेला प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. शेवटचा चिकट पापुद्रा तेवढा अॅसिटोनने काढा. बाटली रिमवर ओतू नका. फडकं नुसतं ओलसर करा आणि टायरकडून आऱ्यांच्या दिशेने पुसा. अॅसिटोन टायरच्या कडेखाली झिरपला, तर जो ग्लू टायर धरून ठेवतो तोच सुटतो, आणि तो बाहेरून दिसतही नाही. रिमवरची स्टिकरंही त्याने जातात. काम उघड्यावर करा, आसपास आग नको. पातळ नायट्राइल हातमोजे अॅसिटोनपुढे फार टिकत नाहीत, बदलत राहा. फडकी बोळा करून न टाकता पसरून वाळवा.

ब्रेकचे रबरही बघा. ग्लू त्यांनाही लागलेला असतो, आणि रिम साफ करून तेच रबर लावले तर दोन फेऱ्यांत पट्टी पुन्हा चिकट होते. बारीक पॉलिशपेपरने वरचा थर घासून टाका.

कार्बनच्या बाबतीत माझं मत कडक आहे: धातूचं हत्यार नाही, तारेचा ब्रश नाही, हीट गन नाही, रंग काढायचं रसायन तर नाहीच. कार्बनचे धागे ज्या रेझिनने बांधलेले असतात त्यालाच ही रसायनं खातात. जास्त उष्णतेने ते मऊ पडतं. बोट आणि प्लॅस्टिकची पट्टी, एवढ्यावर भागवा. द्रावण लागलंच, तर रिम बनवणाऱ्याने ज्याला परवानगी दिली आहे तेच.

आणि या सगळ्याला किरकोळ समजू नका. 2003 च्या टूर द फ्रान्समध्ये उतारावर डांबर उन्हाने वितळलं होतं. होसेबा बेलोकी या स्पॅनिश सायकलपटूचं मागचं चाक घसरलं, टायर रिमवरून सुटला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. लांब उतारावर ब्रेक लावत राहिलं की रिम तापते आणि आतला ग्लू नरम पडतो. म्हणून साफसफाईनंतर टायरची हवा काढा आणि चाकाभोवती सगळीकडे अंगठ्यांनी टायरची कड बाजूला ढकलून पाहा. कुठेही रिम आणि टायर यांच्यात फट उघडली, तर तो टायर उतरवून पुन्हा चिकटवावा लागेल. त्या वेळी आधी ब्रेकच्या पट्टीवर मास्किंग टेप लावा, बाहेर आलेला ग्लू ओला असतानाच पुसा, टेप लगेच सोलून काढा, आणि किमान 24 तास सायकलवर बसू नका.