पँट्रीत राबायचं पण फूड स्टँपला विरोध करायचा, हे ढोंग आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे की ओहायोतल्या तुमच्या शेजारच्या काकू, ज्यांनी तुमच्या बाळंतपणात तीन आठवडे डबे पोचवले आणि ज्या दर आठवड्याला चर्चच्या फूड पँट्रीत (गरजूंना फुकट किराणा वाटतात तिथे) राबतात, त्याच म्हणतात की फूड स्टँप, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत, बंद करायला हवेत, सरकारने लोकांना आळशी करून ठेवलंय. येशूचं नाव घेणारी बाई असं कसं बोलू शकते, हे ढोंग नाही का.

मला नाही वाटत ढोंग. मी स्वतः नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातली, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. इकडे अमेरिकेत १७ वर्षं झाली, त्यातली ९ वर्षं एका छोट्या बॅप्टिस्ट मंडळीच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथातल्या एका चर्चच्या, पँट्रीत गुरुवारी संध्याकाळी टिनचे डबे लावते. सुरुवातीला मीही याच विषयावरून घरी येऊन नवऱ्याचं डोकं खायचे. म्हणून जरा लांबण लागणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

आमच्या गावी हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मंडळीतली अर्धी घरं रेशनच्या रांगेत असायची, त्यात पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) घरचं कार्डसुद्धा आलं, आणि त्या गव्हाच्या भाकरीवर आजी डोळे मिटून उपकारस्तुती करायची. आमची तक्रार असायची ती योजना आपल्यापर्यंत पोचत नाही अशी. दलितांतून ख्रिस्ती झालेल्यांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, पुढे शिखांना १९५६ मधे मिळाल्या, बौद्धांना १९९० मधे, आमचे लोक अजून मागतायत. त्यामुळे सरकारचं काही नको म्हणणारा ख्रिस्ती माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो इथेच.

आता वचनं बघू कारण काकू तीच सांगणार. एका बाजूला येशूचे शब्द, मत्तय २५, मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिलंत. दुसऱ्या बाजूला पौलाचं थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र, ३:१०, ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये. ही दोन्ही २०१३ मधे अमेरिकेच्या हाऊसच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, शेती कमिटीत खरोखर एकमेकांसमोर आली होती. फूड स्टँपमधे कपात करायची चर्चा चालू होती, कॅलिफोर्नियाचे खासदार वॉन वार्गस मत्तय घेऊन उभे राहिले आणि टेनेसीचे स्टीफन फिंचर थेस्सलनीका घेऊन. गंमत म्हणजे फिंचर स्वतः शेतकरी आणि त्यांच्या शेतीला सरकारी सबसिडी लाखो डॉलरमधे मिळालेली, ते लगेच बाहेर आलं. तेच वचन ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाईंनी १९८८ मधे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जनरल असेंब्लीसमोर भाषणात वापरलं होतं, म्हणजे हे हत्यार जुनं आहे. पौलाने लिहिलंय 'इच्छा नसेल', 'काम मिळत नसेल' असं नाही, पण कमिटीत मूळ ग्रीक कोण बघतो.

मला स्वतःला जास्त पटतं ते लेवीय १९:९-१०. शेत कापताना कडेपर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. माझी आजी बाजरीच्या शेतात सरवा वेचायला जायची त्यामुळे ही ओळ मला कधी समजावून सांगावी लागली नाही. आता बघा, काकू म्हणतील बायबलमधल्या गरीब विधवा रूथने दिवसभर वाकून स्वतः सरवा वेचला, फुकट नाही खाल्लं. आणि मी म्हणेन शेताचा मालक बवाज, त्याने तो सोडला तो काही त्याच्या लहरीवर नव्हता, कायदा होता. दोन्ही त्याच पानावर आहे.

पण नुसतं शास्त्र वाचून या काकूंचं मत तयार झालं असं समजू नका. तेच बायबल, तोच बाप्तिस्मा, आणि शहरातल्या काळ्या बॅप्टिस्ट मंडळीत जाऊन विचारा, उत्तर बहुतेक उलटं मिळेल. कॅथलिकांचं आणखी तिसरंच. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मधेच मजुरीबद्दल परिपत्रक काढलं आणि त्यात राज्यसंस्थेने मजुराचं रक्षण करावं हे स्पष्ट होतं, १९३१ च्या परिपत्रकात असंही आलं की जे काम खालच्या पातळीवर होतं ते वरच्याने ओढून घेऊ नये. २०१२ मधे रिपब्लिकन खासदार पॉल रायन यांनी या दुसऱ्या तत्त्वाचा आधार घेऊन बजेट मांडलं, ते स्वतः कॅथलिक, तर त्यांच्याच बिशपांनी लिहून कळवलं की ही कपात नैतिक कसोटीला उतरत नाही, आणि काही नन बस घेऊन गावोगाव त्याविरुद्ध बोलत फिरल्या.

आणि गोरे बॅप्टिस्टसुद्धा कायम असे नव्हते बरं का. १९३० च्या मंदीत चर्चचाच गल्ला रिकामा झाला, मंडळ्यांना पाळकांचे पगार देता येईनात तर गरिबांचं काय करणार. १९३५ मधे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लाखभर धर्मगुरूंना पत्र पाठवून तुमच्या गावची परिस्थिती कळवा म्हणून विचारलं होतं, उत्तरांचे ढीग आले आणि त्यात सरकारने हात घातला ते बरं झालं असं लिहिणारे भरपूर होते. रूझवेल्ट यांच्या मजूरमंत्री ज्या फ्रान्सेस पर्किन्स, त्यांनी सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीचं सरकारी पेन्शन वगैरे) कायद्यासाठी कंबर कसली त्या पक्क्या एपिस्कोपल चर्चच्या, श्रद्धेतूनच त्या कामात आलेल्या. त्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले, म्हणजे दक्षिणेतले बहुतेक काळे कामगार बाहेर. पुढे ६० च्या दशकात काळ्यांनाही बरोबरीने मिळायला लागल्यावर बऱ्याच गोऱ्या लोकांना अचानक सरकार फार मोठं वाटायला लागलं. हे काकूंना तोंडावर बोलू नका, पण माहीत असू द्या.

बरं आता पँट्रीत या. आमच्याकडे एक डीकन, म्हणजे चर्चचं काम सांभाळणारे सेवक, आहेत, वय ७० च्या पुढे, ट्रकमधून खोके उतरवायला सगळ्यात पुढे, आणि फूड स्टँपला सगळ्यात जोरात विरोध त्यांचाच. एकदा ते पीचच्या टिनांचं खोकं माझ्यासमोर ठेवत होते आणि तोंडाने चालूच होतं की भुकेल्याला खायला घालणं हे चर्चचं काम, वॉशिंग्टनचं नाही. मी खोक्यावरचा शिक्का दाखवला, यूएसडीए. म्हणजे केंद्र सरकारच्या शेती खात्याचा माल, टीफॅप नावाच्या योजनेतून फूड बँकेत येतो आणि तिथून आमच्याकडे. आमच्या फडताळावरचं बरंच सामान असंच येतं, म्हणून तर दारात 'अँड जस्टिस फॉर ऑल' असं लिहिलेलं सरकारी पोस्टर लावावं लागतं आणि आधी प्रार्थना करा मग पिशवी असं कुणाला सांगता येत नाही. डीकनसाहेब दोन मिनिटं गप्प झाले. मग म्हणाले, ठीक आहे, पण हे मी माझ्या हाताने देतोय, समोरच्याला बघून देतोय.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तिथे. त्यांचं भांडण पैशाशी नाहीच, त्यांना तोंड बघायचं असतं. नाव विचारायचं, आईचं ऑपरेशन कसं झालं विचारायचं, वाटलं तर हात धरून प्रार्थना करायची. संतोषाने देणारा देवाला प्रिय, २ करिंथ ९:७, तर पगारातून कापून घेतलेल्या टॅक्समधे संतोष कसला, असं त्यांचं म्हणणं. ही श्रद्धा खरी आहे. तुमच्या दारात डबा घेऊन आलेल्या काकू याच श्रद्धेने आल्या होत्या.

फक्त रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं काय म्हणणं आहे ते त्यांनी कधी ऐकलेलं नसतं. आमच्याकडे एक बाई यायची, दोन मुलं, नर्सिंग होममधे रात्रपाळी. ती पार्किंगमधे गाडीतच बसून राहायची आणि सगळ्यात शेवटी आत यायची. एकदा मला म्हणाली, इथे टेबलामागे माझ्या मुलाची टीचर उभी असते. ईबीटी कार्ड (फूड स्टँपचे पैसे ज्यावर येतात ते) असलं की मी दुकानात जाते, माझं मी निवडते, कार्ड सरकवते आणि कुणाला काही कळत नाही. म्हणजे देणाऱ्याला जे तोंड बघायचं असतं, नेमकं तेच घेणारीला लपवायचं असतं! मत्तय ६ मधे येशू सांगतो की दान गुप्तपणे द्या, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. मला तर ते कार्डच त्या वचनाच्या जास्त जवळ वाटतं, पण डीकनसाहेबांना हे पटवण्यात मला आजवर यश नाही.

आळशीपणाचं म्हणाल तर १९९६ च्या कायद्यापासूनच नियम आहे की धडधाकट आणि मुलंबाळं नसलेल्या माणसाला महिन्याला ८० तास काम किंवा ट्रेनिंग दाखवलं नाही तर ३ वर्षांत ३ महिनेच फूड स्टँप मिळतात, आणि २०२५ मधे वयाची मर्यादा ६४ पर्यंत नेली. थेस्सलनीका कायद्यात आधीच बसवलेला आहे, काकूंना बहुतेक माहीत नसेल.

आणि चर्च सगळं सांभाळेल म्हणता तर एकदा हिशोब करा. फूड स्टँपचा, म्हणजे आताच्या स्नॅपचा, खर्च २०२४ मधे वर्षाला साधारण १०,००० कोटी डॉलर होता, घेणारे चार कोटींच्या वर. देशात मंडळ्या ढोबळमानाने साडेतीन लाख. म्हणजे प्रत्येक मंडळीच्या वाट्याला वर्षाला २ लाख ८५ हजार डॉलर. २०२० च्या पाहणीत सर्वसाधारण मंडळीत रविवारी येणारे ६५ जण निघाले होते. आमच्याकडे ८० येतात आणि दशमांश, अर्पण, बेक सेल सगळं धरून आमचं पूर्ण बजेट तेवढं नाही, त्यातच छप्पर आणि पाळकांचा पगार. फूड बँकांची जी मोठी संघटना आहे फीडिंग अमेरिका, ती स्वतःच सांगते की आम्ही एक जेवण पुरवतो तेव्हा स्नॅप नऊ पुरवतं.

आमच्या ओहायोचे गव्हर्नर होते जॉन केसिक, रिपब्लिकन, त्यांनी २०१३ मधे मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) वाढवताना स्वतःच्या पक्षाला सांगितलं होतं की मेल्यावर सेंट पीटर तुम्हाला सरकार लहान ठेवलंत का विचारणार नाही, गरिबांसाठी काय केलंत ते विचारेल. काकूंसमोर वापरायचंच असेल तर हे वापरा, त्यांच्या बाजूचा माणूस आहे.

२०२५ च्या नोव्हेंबरमधे शटडाऊनमुळे, म्हणजे केंद्र सरकारचं कामकाज बंद पडल्यामुळे, महिन्याचे पैसे कार्डावर वेळेवर आलेच नाहीत, त्या गुरुवारी आमची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. साडेसहाला फडताळं रिकामी. डीकनसाहेब काही न बोलता गाडी काढून गेले आणि स्वतःच्या खिशातून दुधाचे कॅन, ब्रेड, अंडी असं भरून घेऊन आले, तेही अर्ध्या तासात संपलं. पुढच्या आठवड्यात मला वाटलं आता मत बदललं असेल. छे. म्हणाले, बघ, सरकारवर भरवसा ठेवला की असं होतं. मी कपाळावर हात मारला आणि आम्ही दोघं खोकी उतरवायला लागलो.

तर ढोंगी म्हणून संबंध तोडू नका. काकूंबरोबर एकदा पँट्रीत जा, टिनांवरचे शिक्के वाचा, आणि जमलं तर शेवटी येणाऱ्या माणसाशी बोला. जाताना डायपर घेऊन जा, साईझ ५ आणि ६. डायपर, साबण, टॉयलेट पेपर यातलं काहीच फूड स्टँपवर मिळत नाही आणि या दोन साईझ पहिल्या दहा मिनिटांत संपतात.