काम मंजूर होण्याआधी : महानगरपालिकेच्या कारभाराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरचे पावसाळी गटार दोन वर्षांपासून तुंबते आहे. प्रभागातून चार नगरसेवक निवडून आले आहेत, पण प्रत्येक जण ‘तो भाग माझ्याकडे नाही’ असे सांगून दुसऱ्याचे नाव घेतो. तक्रार नेमकी कोणाकडे करावी?

उत्तर : चारही नगरसेवक संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी असतात. मतदानाच्या वेळी अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असल्या, तरी त्यामुळे प्रभागाचे चार तुकडे होत नाहीत. मतांसाठी जो संपूर्ण प्रभागात फिरला, त्याने निवडून आल्यावर अर्धा प्रभाग नाकारणे मला गैर वाटते. मात्र गटार साफ करण्याचा आदेश देणे हे नगरसेवकाचे काम नव्हे, हेही समजून घ्यायला हवे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार (मुंबईसाठी १८८८ चा स्वतंत्र अधिनियम आहे) कारभार चालवण्याचे कार्यकारी अधिकार शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. नगरसेवक धोरण ठरवतात, खर्चाला मंजुरी देतात आणि प्रशासनाला जाब विचारतात. म्हणून तुंबलेल्या गटाराची तक्रार आधी प्रभाग कार्यालयातील कनिष्ठ अभियंत्याकडे आणि साहाय्यक आयुक्तांकडे लेखी द्यावी, व तिची प्रत चारही नगरसेवकांना द्यावी.

अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. एका निवृत्त शिक्षिकेने मला आपली शंभर पानी वही दाखवली होती. प्रत्येक पानावर अर्जाची तारीख, आवक क्रमांक, अधिकाऱ्याचे पदनाम आणि मिळालेले उत्तर, असे चार रकाने होते. ‘तुमचा अर्ज सापडत नाही’ असे त्यांना सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी वही उघडून क्रमांक वाचला आणि अर्ज त्याच दिवशी सापडला. तोंडी विनंती विसरली जाते. क्रमांक पडलेल्या कागदावर कोणाला तरी शेरा लिहावाच लागतो.

तरीही उत्तर आले नाही, तर महानगरपालिकेत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनासाठी, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या दिवसासाठी, अर्ज करता येतो. तो आगाऊ द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. त्यामुळे सोसायटीच्या लेटरहेडऐवजी स्वतःच्या नावाने, आपल्या घराला होणारा त्रास मांडून अर्ज करणे श्रेयस्कर.

प्रश्न : आमच्या भागात पादचारी मार्ग हवा, अशी मागणी आम्ही दर वर्षी करतो आणि दर वेळी ‘तरतूद नाही’ असे उत्तर मिळते. ही तरतूद होते तरी कशी आणि कधी?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर मी विस्ताराने देतो, कारण नागरिकांचे सर्वाधिक श्रम इथेच वाया जातात. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि आपण बहुतेक जण मागणी घेऊन जातो ती पावसाळा तोंडावर आल्यावर, म्हणजे पैशांची वाटणी होऊन गेल्यानंतर. त्या वेळी अधिकारी ‘तरतूद नाही’ म्हणतो, ते बहुतेकदा खरेच असते. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव आदल्या वर्षाच्या अखेरीसच सुरू होते. विभागप्रमुख आपापल्या कामांच्या याद्या पाठवतात, आयुक्त त्यांवरून अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात फेरफार करते आणि सर्वसाधारण सभा त्याला मंजुरी देते. अनेक महानगरपालिकांत २०२२ पासून लोकनियुक्त सभागृह नव्हते, तेव्हा आयुक्तच प्रशासक या नात्याने हे सर्व टप्पे पार पाडत होते. अंदाजपत्रक तेव्हाही झाले, फक्त त्यावर प्रश्न विचारणारे कोणी निवडून आलेले नव्हते. मला ही त्या काळातील सर्वांत मोठी हानी वाटते.

म्हणजे पादचारी मार्गाची मागणी दिवाळीच्या सुमारास, विभागाची यादी तयार होण्याआधी अभियंत्याच्या टेबलावर पोहोचली पाहिजे. काही महानगरपालिका याच सुमारास नागरिकांकडून कामे मागवतात. पुणे महानगरपालिकेने अंदाजपत्रकातील नागरिक सहभागाचा हा उपक्रम २००६ मध्ये सुरू केला. आपल्या शहरात अशी जाहिरात निघते का, याची चौकशी करावी. निघत नसेल तरी अर्ज देण्यास कोणी अडवू शकत नाही.

मागणी करताना चालू वर्षाचे अंदाजपत्रक समोर असावे. ते जाडजूड असते, पण सगळे वाचण्याची गरज नाही. आपल्या विषयाचे लेखाशीर्ष (ज्या नावाखाली त्या खर्चाची नोंद होते ते शीर्षक) शोधावे आणि त्या एकाच ओळीवर बोट ठेवून डावीकडून उजवीकडे वाचत जावे : मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद, सुधारित अंदाज, पुढील वर्षाचा अंदाज. तरतूद मोठी आणि प्रत्यक्ष खर्च अगदी थोडा दिसला, तर अडचण पैशांची नसून काम न होण्याची आहे, हे लगेच ध्यानात येते. आणखी एक भेद लक्षात ठेवावा. उखडलेल्या मार्गाची दुरुस्ती महसुली खर्चात मोडते, तर नवा मार्ग भांडवली खर्चात. अर्जात दोन्ही एकत्र लिहिले, तर तो कागद दोन विभागांच्या मध्ये फिरत राहतो.

काम मंजूर झाल्यावर कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्यासाठी दिलेल्या लेखी आदेशाची, प्रत मागावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार अर्ज केल्यास साधारणतः ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. कार्यादेश, मोजमाप पुस्तिका (प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंद) आणि दोषदायित्वाचा कालावधी एवढ्या तीनच गोष्टी नेमकेपणाने मागाव्यात. दोषदायित्वाच्या कालावधीत मार्ग खचला, तर ठेकेदाराला तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे अनेकदा त्याच दुरुस्तीसाठी नवी तरतूद मागितली जाते.

प्रश्न : सर्वसाधारण सभेचे कामकाज सामान्य नागरिकाला पाहता येते का?

उत्तर : येते. सभागृहाने विशिष्ट कारणाने ती बंद ठेवण्याचे न ठरवल्यास सभा खुली असते आणि प्रेक्षक सज्जात बसता येते. मात्र तेथून बोलता येत नाही. विषयपत्रिका आधी मिळवावी, म्हणजे कोणत्या ठरावावर काय चालले आहे ते कळते. चर्चेविना मंजूर झालेले विषय नंतर इतिवृत्तात आवर्जून पाहावेत.

प्रश्न : मी २२ वर्षांची आहे. कोणत्याही पक्षात जाण्याची इच्छा नाही. तरीही शहराच्या कारभारात माझा काही उपयोग होईल का?

उत्तर : निश्चित होईल. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. महाराष्ट्रात या समितीवर नगरसेवकांसोबत स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नामनिर्देशित करता येतात, आणि पाणी, सांडपाणी, स्वच्छता या तक्रारींचा निपटारा करणे तसेच प्रभागातील खर्चाबाबत शिफारस करणे हे समितीचे काम आहे. या जागांवर अनेकदा पक्षांचेच कार्यकर्ते बसवले जातात, ही खंत मी वर्षानुवर्षे बाळगून आहे. आपण एखाद्या नोंदणीकृत संस्थेत काम करत असाल, तर नामनिर्देशनाच्या वेळी संस्थेने अर्ज करावा. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातील ठरावीक क्षेत्राच्या मतदारांच्या सभेची, तरतूदही कायद्यात आहे. त्या क्षेत्रातील मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते. ती भरवली जात नसेल, तर पाच-पन्नास मतदारांच्या सह्यांनिशी तशी लेखी मागणी करावी.

त्याआधी एक काम मात्र आपण स्वतः करावे. पालिका निवडणुकीसाठी विधानसभेची मतदार यादी प्रभागनिहाय फोडली जाते आणि त्या वेळी एका इमारतीतील नावे शेजारच्या प्रभागात गेल्याचे पुष्कळदा आढळते. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतात. त्या दिवसांत आपल्या इमारतीतील सर्व नावे यादीशी ताडून पाहावीत आणि चुकलेल्या नावांच्या हरकती प्रभाग कार्यालयात, पोच घेऊन, दाखल कराव्यात.